खोली क्रमांक चौदामधील यंत्र आणि 'रुग्ण उशिरा आला' हा शेरा

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय, मुख्य इमारत, पहिला मजला.

विषय: माझ्या पतींच्या केसपेपरवरील 'रुग्ण उपचारासाठी उशिरा आला' हा खोटा शेरा रद्द करणेबाबत, तसेच डोळ्यांच्या सोनोग्राफीची खोली उघडणेबाबत.

संदर्भ: १) माझे दि. ९, १२ व २० मार्चचे अर्ज (तिन्ही अनुत्तरित). २) आपल्या कार्यालयाचे दि. २० एप्रिलचे पत्र (उत्तर म्हणावे असे त्यात काही नाही).

महोदय,

१. मी कचेरीसमोर टेबल मांडून सव्वीस वर्षे लोकांचे अर्ज टंकलिखित करते. 'कृपावंत होऊन' आणि 'आपल्या उदार अंतःकरणाने' हे शब्द माझ्या बोटांना पाठ आहेत. ते या अर्जात कोठेही आढळणार नाहीत, ही चूक समजू नये.

२. माझे पती सुतार आहेत. त्यांचा डावा डोळा लहानपणापासून अधू. सगळे काम उजव्यावर. दि. ४ मार्च रोजी कारखान्यात फळी बसवताना ठोकलेली पाचर उसळून त्याच उजव्या डोळ्यावर बसली. बुबुळ फुटले नाही, पण आत रक्त उतरले. "लाल पाण्यातून बघतोय असं वाटतंय," एवढेच ते म्हणाले.

३. दि. ५ रोजी सकाळी साडेआठ वाजता आम्ही आपल्या नेत्रविभागात हजर होतो. तेथील डॉक्टर बाईंनी दिव्याने तपासले आणि स्वच्छ सांगितले, "रक्तामुळे मला आतलं काही दिसत नाही. पडदा जागेवर आहे की सुटलाय, ते सोनोग्राफीशिवाय कळणार नाही. आजच करून घ्या." कागदावर त्यांनी 'तातडीने' लिहून खाली दोन रेघा मारल्या. ज्या माणसाला उशिरा आला म्हणता, त्याच्या कागदावर पहिल्याच दिवशी या दोन रेघा आहेत.

४. डोळ्यांच्या सोनोग्राफीचे यंत्र नेत्रविभागातच, खोली क्रमांक चौदामध्ये आहे. खोलीला कुलूप होते. यंत्र चालवणाऱ्याची बदली झालेली, म्हणून आम्हाला मागच्या इमारतीतील सोनोग्राफी विभागात धाडले. तेथील परिचारकाने कागद न वाचताच माझ्या पतींना चार ग्लास पाणी प्यायला लावले आणि "लघवी दाबून बसा," असे फर्मावले. ते म्हणाले, "अहो, डोळा दाखवायचाय." उत्तर मिळाले, "इथे सगळ्यांना पाणी प्यावं लागतं." दोन तास ते पोट धरून बसले. आत गेल्यावर तेथील डॉक्टरांनी, "डोळा इकडे कुणी पाठवला?" असे विचारून त्यांना परत पाठवले. त्या दिवशी आपल्या रुग्णालयाने त्यांची एवढीच सेवा केली.

५. दि. ९ रोजी मी स्वतः आपल्यासमोर उभी होते. आपण मान वर न करता म्हणालात, "बाई, यंत्र आहे ना आपल्याकडे? मग तक्रार कसली?" किल्ली भांडारपालाकडे आणि भांडारपाल रजेवर, हे मी सांगितले. त्यावर कळले की किल्ली लेखी आदेशाशिवाय मिळत नाही, आदेशात यंत्रचालकाचे नाव लागते, आणि यंत्रचालकाचे पद रिक्त आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, "किल्ली द्या, मी करते. मला येतं." त्यांना 'आपण या कामासाठी प्राधिकृत नाही' असे लेखी कळवण्यात आले. ते पत्र मात्र एका दिवसात निघाले.

६. दि. १९ मार्च. वरिष्ठ कार्यालयाचे तपासणी पथक आले. खोली क्रमांक चौदा उघडली, फरशी पुसली, यंत्रावरचे आच्छादन निघाले. डॉक्टर बाईंनाच बोलावून, आपल्याच दालनाबाहेरच्या शिपायाला खुर्चीत बसवून, त्याच्या मिटलेल्या पापणीवर जेल लावून पाहुण्यांना यंत्र चालवून दाखवण्यात आले. शिपायाचे दोन्ही डोळे ठणठणीत आहेत, हे तेथे सिद्ध झाले. माझे पती दाराबाहेरच्या बाकावर होते. ते उठून म्हणाले, "साहेब, चालूच आहे तर माझाही बघा." आपण म्हणालात, "पाहुणे जाऊ द्या." पाहुणे गेले. आपणही गेलात. कुलूप लागले. डॉक्टर बाई दारापाशी उभ्या राहून रडत होत्या. त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही.

'डोळेझाक' हा शब्द मी येथपर्यंत मुद्दाम टाळला होता.

७. दि. २४ रोजी चार तासांचा बसप्रवास करून आम्ही दुसऱ्या शहरातील धर्मादाय नेत्रालयात गेलो. तपासणीला पाच मिनिटे लागली. यंत्राच्या पडद्यावर काळे वर्तुळ आणि त्यात एक पांढरी रेघ. डॉक्टरांनी डोळा डावीकडे, उजवीकडे फिरवायला सांगितला, तशी ती रेघ दोरीवरच्या ओल्या कापडासारखी हलली. "पडदा पूर्ण सुटलाय," ते म्हणाले. "पहिल्या आठवड्यात का नाही आलात?" माझे पती माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच सांग गं. माझ्याच्यानं नाही सांगवत."

८. शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्याला आता उजेड कळतो, आणि समोर हात हलवला तर काहीतरी हलले इतके कळते. परवा त्यांनी रंधा हातात घेतला, फळीवरून तळवा फिरवला आणि रंधा परत ठेवून दिला.

९. यानंतर आपल्या पत्रात मी वाचते की यंत्र 'चालू स्थितीत' होते आणि रुग्ण उशिरा आला; केसपेपरवरही तोच शेरा मारला आहे. महोदय, रुग्ण आपल्या बाकावर अकरा दिवस बसला होता. उशिरा आली ती किल्ली, आणि तीही शिपायासाठी. तो शेरा खोडून, प्रत्येक खेपेची तारीख लिहून, आपल्या सहीची प्रत मला मिळावी. काल हा अर्ज घेऊन आले असता आवक खिडकीवरील कारकुनांनी, "सहावा परिच्छेद काढा, लगेच शिक्का मारतो," असे सुचवले. परिच्छेद जागेवर आहे. शिक्का न मारल्यास मी खिडकीसमोर बसून तो मोठ्याने वाचीन. माझा आवाज चांगला आहे.

१०. हा परिच्छेद मी येथेच हाताने वाढवला आहे. आज अर्ज द्यायला पुन्हा आले तेव्हा त्याच बाकावर एक मधुमेही बाई भेटल्या. शाळेत साफसफाई करतात. दोन्ही डोळ्यांत रक्त उतरले आहे. त्यांच्या कागदावरही 'तातडीने' आणि दोन रेघा आहेत. त्या दि. २ मेपासून येत आहेत; आज सहावा दिवस. त्यांचा अर्ज मी तेथेच बसून हाताने लिहिला, त्यांचा अंगठा घेतला आणि सोबत जोडला आहे. आमचे जायचे ते गेले. माझ्या अर्जावर आपण महिनाभर विचार केलात तरी मी येत राहीन. त्यांच्याकडे महिना नाही. खोली आज उघडा.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी, आणि ते न मिळाल्यास पुन्हा येणारी,

(सही)
रुग्णाची पत्नी, टंकलेखिका
दिनांक: ७ मे

सोबत:
१) दि. ५ मार्चच्या केसपेपरची प्रत.
२) धर्मादाय नेत्रालयातील सोनोग्राफीचे छायाचित्र.
३) मधुमेही बाईंचा अर्ज, मूळ प्रत. हा आधी वाचावा.