दोन किनाऱ्यांचा वारा

१२ जानेवारी २०२५, रविवार, सकाळ

उन्मेष काल सकाळी होडी घेऊन गेला तो परत आलेला नाही. लिहिलं एकदाचं. बोलायला गेलं की जीभ वळत नाही.

सोबत रजत आहे. त्याचा कॉलेजचा मित्र, पारशिवनीचा. उन्मेष दोन वर्षांपासून कोकणात, माडबागच्या किनाऱ्यावर पर्यटकांना शिडाची होडी शिकवतो. रजत आठवडाभर त्याच्याकडे राहायला गेलेला.

अनंत पहाटेच्या विमानानं आमच्या लेकाला शोधायला गेले. म्हणाले, "तू फोनजवळ थांब." हातातून सुटतोय कुठे तो फोन!

दुपार

रजतची आई आली — रुख्मिणीबाई. एकट्याच, एसटीनं नागपुरात, आमच्या नंदनवनचा पत्ता विचारत विचारत. दारातच म्हणाल्या, "मले घरी बसवतच नाही वं बाई. इथं बोलाले तरी कोनी आहे." चहा केला. दोघींनीही घेतला नाही.

अनंतचा फोन. दोन बोटी शोधताहेत, दोन्ही माडबागच्या कडेकडेनं, खडकांजवळ. शोधपथकाचे साहेब म्हणतात, काल वारा अगदी मंद होता, होडी लांब जाणारच नाही.

मग सापडत का नाही?

संध्याकाळ

मोबाइलवर किनाऱ्यावरचे वाऱ्याचे मीटर दिसतात. उन्मेषनंच ते ॲप टाकून दिलं होतं — 'काळजी वाटली की बघत जा.' काल सकाळचे आकडे काढले. माडबाग — ताशी सात किलोमीटर. शेजारचा किनारा खाडीमुख, मधे फक्त एक डोंगर. तिथला मीटर त्याच वेळी — चौतीस!

सात आणि चौतीस! एक तर खोटा असणारच. पण कोणता? नागपुरात बसून समुद्राचं मी कोणाला विचारू?

१३ जानेवारी, सोमवार

खाडीमुखचा मीटर एका खानावळीच्या गच्चीवर आहे. मालकाचा नंबर मिळाला. जितेंद्र नाव. विचारलं, तुमचा मीटर बिघडलाय का?

"नाय ओ ताई. दोनय मीटर बरोबर असत. वारोच दोन तऱ्हेचो."

मग नीट समजावून सांगितलं. थंडीत सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. माडबागच्या पाठीशी डोंगर आहे, तिथं पान हलत नाही. खाडीपाशी मात्र डोंगर तुटलाय. त्या फटीतून तोच वारा फुंकणीतून निघाल्यासारखा बाहेर पडतो. होडीनं डोंगराचा आडोसा सोडला की तो तिला धरतो आणि उघड्या समुद्रात नेतो.

लगेच अनंतना फोन लावला. म्हणजे ते भलत्याच जागी शोधताहेत!

अनंत म्हणाले, "उत्तरा, त्यांना कळतं त्यांचं काम." मी ओरडले त्यांच्यावर. "साहेबांना फोन द्या आधी!" साहेबांना दोन्ही आकडे सांगितले. जितेंद्रशी बोलायला लावलं. विनवलं, रडले. ते म्हणाले, बरं, एक बोट आत पाठवतो. मी म्हटलं, एका बोटीनं काय होणार! दोन्ही पाठवा!

दुपारी दोन्ही बोटी समुद्रात आत गेल्या. रुख्मिणीबाईंनी माझे हात धरले. "तुमी होत्या म्हनून वं बाई. मले तं हे काहीच समजलं नसतं."

१४ जानेवारी, सकाळ

काही नाही.

आज संक्रांत. शेजारची चिन्मयी तिळगूळ घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि दारातूनच परत गेली. रुख्मिणीबाई पोळ्या लाटताहेत. कोणासाठी? नुसतं बसवत नाही म्हणतात.

देवा, जिवंत असू दे. हात गेला, पाय गेला, चालेल. जिवंत.

दुपार

सापडला!! उन्मेष जिवंत आहे! होडी खूप आत वाहत गेली होती, शीड फाटलेलं. बोलता येत नाही, ओठ फुटलेत — पण जिवंत!

मी रुख्मिणीबाईंच्या गळ्यातच पडले. त्या म्हणाल्या, "अन् माहा रजत?"

अनंतना विचारलं. म्हणाले, होडीत उन्मेष एकटाच होता.

संध्याकाळ

उन्मेषशी बोलले. आवाज ओळखू येईना. पहिलंच वाक्य — "आई, रजत घरी पोचला ना?"

वाऱ्यानं धरलं तेव्हा ते डोंगराच्या टोकाशीच होते. शीड उतरेना. आडोशाचं शांत पाणी जवळच दिसत होतं. रजत म्हणाला, मी पोहून जातो, माणसं घेऊन येतो. उडी मारली. आणि पोचला! उन्मेषनं पाहिलंय — खडकावर चढून त्यानं हात केला.

माडबागच्या बाजूचा खडक. वर सरळ कडा, समुद्रातूनच जाता येतं. अनंत म्हणतात, रविवारी अंधार पडला म्हणून टोकाकडचे तेवढे खडक राहिले होते. सोमवारी दुपारी बोटी तिथंच जाणार होत्या.

आता निघाल्यात. आता!

१५ जानेवारी

रजत मिळाला. कड्याखालच्या कपारीत. पाय मोडला होता. डॉक्टर म्हणतात, सोमवारी दिवसभर तरी जीव असावा.

रुख्मिणीबाई रडल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्यात. मघाशी एवढंच विचारलं —

"बोटी तेथून हटवाले कोनं सांगतलं वं, बाई?"