साठ माणसांचा बेत

परळ, मुंबई १२
रविवार, ता. २३ मार्च १९५८

मित्रवर्य रघुवीर यास,
सप्रेम जयभीम.

तुझी चिठ्ठी चिंतामणीने गुरुवारी पाळी सुटताना हातात दिली. देताना म्हणाला, "रघुवीरने समितीच्या कचेरीत ठेवली होती. काय रे, तू हल्ली मागच्या दाराने बाहेर पडतोस म्हणे?" मी म्हटले, मागचे दार घराला जवळ पडते. ते जवळ पडत नाही हे चिंतामणीलाही ठाऊक आहे. असो. आम्ही सर्व ठीक आहोत. आईचा उजवा गुडघा दुखतो, कौसल्येचा खोकला ओसरला. तुमच्याकडेही सगळे बरे असतील.

तू लिहितोस की तुझ्या बाबांची पंचाहत्तरी रविवारी, सहा एप्रिलला घरीच करायची, साठ माणसे होतील, रखमावहिनींची कंबर धरलेली, तेव्हा बायकांना जड जाणार नाही असा सोपा बेत मी लिहून द्यावा. "तुझ्या आईच्या ऐंशीला तू झकास बेत केला होतास, तसाच." तीन दिवस उत्तर लिहिले नाही, कारण विचारलेल्या गोष्टीचे उत्तर मी अंदाजाने देत नाही, हे तू जाणतोस. आता नीट देतो.

साठ माणसांना एका दिवशी ताजे किती करायचे, हे आधी ठरव. दोनच पदार्थ ताजे करावेत, तिसरा आदल्या दिवशी होणारा असावा. मसालेभात आणि बटाट्याची सुकी भाजी, ही दोन ताजी. पोळ्या-पुऱ्यांच्या वाटेला जाऊ नये. पुरी लाटायला चार बायका लागतात आणि पाचवी तळणीपाशी भाजून निघते. तांदूळ दोन पायल्या, जुना. नवा घेतलास तर भाताचा गोळा होईल. बटाटे पंधरा रत्तल, आदल्या रात्री नव्हे, सकाळी उकडावेत. मोठे पातेले मंडळाकडून आणावे, मात्र आणल्यावर झाकण बसते की नाही ते पाहून घे. आमचे बसत नव्हते. वर ओले फडके टाकून परात उपडी घालावी लागली.

गोड म्हणून गुळपापडी. आदल्या दिवशी होते, आठ दिवस टिकते, वाढायला सोपी. कणीक चार रत्तल, गूळ अडीच रत्तल, तूप दोन. आम्ही निम्मे तूप, निम्मा डालडा घातला, सांगायला लाज नाही. कणीक मंद आचेवर गुलाबी होईतो भाजायची, पातेले खाली उतरवायचे आणि मगच किसलेला गूळ घालायचा. चुलीवर असताना गूळ घातला तर वड्या दगड होतात. गरम असतानाच ताटात थापून कापाव्यात. मी फूटपट्टी लावून कापल्या, दीड इंच बाय दीड इंच. कौसल्या म्हणाली, "वाढदिवस आहे का गिरणीचं काम?" पण वडी लहानमोठी निघाली की कुणाला कमी, कुणाला जास्त मिळाल्यासारखे वाटते. आमच्या घरी कुणाला तसे वाटू नये, असा माझा त्या दिवशी फार आग्रह होता.

इतका बेत तुला पुरेल. पत्र इथे संपवता आले असते. दोनदा संपवलेही, आणि दोन्ही कागद फाडले.

हा बेत कसा ठरला ते तुला सांगितले नव्हते. आईला जन्मतारीख नाही. ती म्हणते, मोठा दुष्काळ सरला त्याच्या पुढच्या साली, शिमग्याच्या चौथ्या दिवशी. मी ग्रंथालयात बसून साल काढले, पंचांग पाहिले, आणि यंदा तो दिवस ९ मार्च, रविवार असा आला. आमच्या घराण्यात आजवर कुणाचा वाढदिवस झालेला नाही. मी ठरवले, हा करायचा, आणि माणसे आमच्या घरी, आमच्या हातचे जेवतील.

कौसल्येने सरळ सांगितले होते. "साठ माणसं म्हणजे मला उभं जाळायचं ठरवलंय का? बेकरीतून बटर नि नानकटाई आणा, चिवडा आणा, चहा मी करते. सोपं नि सुटसुटीत." मी म्हटले, हा काय वाचनालयाचा वार्षिक समारंभ आहे? मग आई बोलली. ती कोपऱ्यात गहू निवडत होती. "बाबू, तिचं ऐक. इकतचं आण. आन् केळी आण. केळ्याला साल असती."

मला राग आला, रघुवीर. मी आईला व्याख्यान दिले. आता तो काळ गेला, आपण धर्म बदलला, संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळे एका रांगेत चाललो, तुरुंगात एका पातेल्यातले जेवलो. रघुवीर माझ्या थाळीत जेवलेला माणूस आहे, तो माझ्या घरी साल सोलून खाईल होय? आई म्हणाली, "तुरुंगात त्येची मानसं व्हती का बघाया?" त्या वेळी मला तो अडाणी प्रश्न वाटला.

गुळपापडी तिने स्वतः केली. गुडघा धरून स्टुलावर बसली आणि दोन तास कणीक परतली. कौसल्येला झारा हातात दिला नाही. आईच्या सबंध आयुष्यात तिच्या हातचे गावात कुणी खाल्ले नव्हते. ती दारोदार फिरून भाकरी मागून आणायची, मिळेल ती, शिळी, कधी बुरा आलेली. पदरात घेऊन यायची आणि आम्हाला वाटून द्यायची. त्या बाईने ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा माणसांना वाढण्यासाठी चुलीपाशी बैठक मारली होती.

तुम्ही आलात तेव्हा पावणेसहा झाले होते. तू, रखमावहिनी, कमल. बाबा आले नाहीत, त्यांना जिना चढवत नाही, तू म्हणालास. ठीक. पहिली पंगत बसत होती. वहिनी म्हणाल्या, "माजो आयतवार आसा, उपास. माका काय नको." तू म्हणालास, "बाबू, सकाळपासून पोट बरं नाही रे." मी तुझ्यासाठी ओवा शोधायला धावलो! कौसल्येला म्हटले, ओव्याची बाटली कुठे ठेवलीस, रघुवीरचे पोट बिघडले आहे. आज ते आठवले की माझी मलाच शरम वाटते.

कमल लहान आहे, तिला काही शिकवलेले नव्हते. तिने वडीला हात घातला. वहिनींनी तो हात मनगटाशी धरला, "आदी हात धू गो," म्हणाल्या, आणि तिला मोरीकडे नेले. मोरीकडून ती पानावर परत आली नाही. दाराशी तुझ्या पायाला धरून उभी राहिली आणि दुसऱ्या मुलांकडे पाहत राहिली. तेवढ्यात आई उठली, फळीमागून फडक्यात झाकलेली डझनभर केळी काढली. माझ्या नकळत आणवली होती. तुमच्यापुढे ठेवून म्हणाली, "उपासाला चालत्यात, बाई." वहिनींनी एक घेतले, कमलने दोन खाल्ली, तूही एक खाल्लेस, पोट बिघडलेले असताना. तेव्हाही मी काही ओळखले नाही. मला आईचाच राग आला, की माझा बेत असताना हिने मध्ये केळी आणली.

निघताना तू म्हणालास, "वड्या बांधून दे, घरी सगळ्यांना होतील." मला किती बरे वाटले ते कसे सांगू. मी स्वतः बांधल्या. आत कोरा पांढरा कागद, बाहेर वर्तमानपत्र, वरून सूत, आणि आम्ही त्रासन खात्यात तुटलेला धागा सांधतो ती गाठ.

दुसऱ्या दिवशी सोमवारी पहिल्या पाळीला जाताना करी रोडच्या नाक्यावर कचऱ्याच्या पेटीपाशी ते पुडके पडलेले होते.

माझेच कशावरून, असे तू म्हणशील. वर्तमानपत्रात नवा शब्द आला की मी त्याच्याखाली तांबड्या पेन्सिलीने रेघ ओढतो आणि कडेला अर्थ लिहितो. शाळा चौथीत सुटली, त्यानंतर जे शिकलो ते असे शिकलो. त्या कागदावर माझी रेघ होती, माझे अक्षर होते. मी उचलले. गाठ सुटलेली नव्हती. मी सोडली आणि वड्या मोजल्या. सोळा बांधल्या होत्या, सोळा होत्या. रघुवीर, उघडून, वास घेऊन, नको वाटून टाकल्या असत्या तरी मी समजू शकलो असतो. गाठसुद्धा कुणी सोडली नाही.

पुडके पिशवीत घातले, दिवसभर खात्यात खुंटीला टांगून ठेवले. टाकवेना, कुणाला देववेना. घरी आल्यावर आईने डबा काढायला पिशवी उघडली. तिने पुडके पाहिले, माझ्याकडे पाहिले. खाली बसली, एक वडी माझ्या हातावर ठेवली, एक स्वतः तोंडात टाकली. बराच वेळ चघळली. म्हणाली, "चांगल्या झाल्यात. मागून आनलेलं म्या कदी टाकलं न्हाई, बाबू. ह्ये तर आपलं हाय." त्यानंतर सहा दिवस रोज आम्ही दोघे एकेक खात होतो, सातव्या दिवशी उरलेल्या संपल्या. कौसल्येला काही कळू दिले नाही.

पुडके तू टाकलेस की वहिनींनी, की बाबांनी टाकायला लावले, हे मला विचारायचे नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तुरुंगात मला ताप होता तेव्हा तूच भात कालवून भरवलास आणि म्हणालास, "ह्या डाळीत डाळ शोधायला दुर्बीण लागेल, बाबू, पण गीळ. महाराष्ट्र झालाच पाहिजे, आणि तो बघायला तू जगलाच पाहिजेस." सगळी बराक हसली होती. ते खोटे नव्हते. म्हणूनच माझ्याने सहन होत नाही. तू दुष्ट असतास तर मी केव्हाच मोकळा झालो असतो.

वीस वर्षे आपण एका छपराखाली काम केले. तू साच्यावर कापड विणायला, मी त्रासनात सूत कातायला. आम्हाला साचेखात्यात घेत नव्हते, का तर धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो आणि आमच्या तोंडचा धागा दुसऱ्याच्या तोंडाला लागेल. ती गोष्ट मी मालकाच्या आणि जॉबरच्या नावावर टाकून मोकळा झालो होतो. तू त्या भिंतीच्या पलीकडे असलास तरी भिंत तुझी नाही, असे मी आमच्या वस्तीत कितीजणांशी भांडून सांगितले आहे! ते मला हसायचे. "बाबुराव, तुमचा मराठा मित्र दारापर्यंतचा," म्हणायचे. मी त्यांना उदाहरण म्हणून तुझी थाळी सांगायचो.

आता चिठ्ठीविषयी. "झकास बेत" हे शब्द मी पुष्कळ वेळ पाहत बसलो. जो बेत तू चाखला नाहीस तो झकास कसा, हे मला समजले नाही; बहुधा तू सहज लिहून गेलास. पण खाली, अंदाज नीट यावा म्हणून, तू साठांची यादी दिली आहेस. भावकी एकवीस, वहिनींच्या माहेरचे चौदा, चाळीतले तेरा, आणि "आपल्या तुकडीतले बाराही जण". रघुवीर, सत्याग्रहाला आपली तुकडी चौदा जणांची गेली. तुला वगळून तेरा राहतात. मी नावे कागदावर लिहून काढली, एकेक खूण केली. चुकून विसरलास म्हणावे तर "बाराही" असे लिहिले आहेस. म्हणजे मोजले आहेस.

साठ माणसांना काय घालावे हे मला विचारावेसे वाटले, त्याचा मी मान समजतो. बेत वर दिला आहे, तो बिनचूक आहे.

आईला चिंतामणीकडूनच तुमच्या समारंभाचे कळले. काल विचारत होती, "त्येच्या बाच्या वाढदिसाला आपल्याला बलावलंय न्हवं?" मी म्हटले, बोलावलंय, पण मला त्या दिवशी पाळी आहे. आई तीस वर्षे या चाळीत राहते. रविवारी गिरणीचा भोंगा होत नाही हे तिला माझ्याइतके ठाऊक आहे. ती म्हणाली, "मग ऱ्हाऊ दे." आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला, मी सेहेचाळीस वर्षांचा असताना. आईशी मी आयुष्यात बोललेले हे पहिले खोटे.

तू मागच्या दारापाशी येऊन माझी वाट पाहू नकोस. क्षमा मागितलीस तर मी ती लगेच करीन, आणि मग पुन्हा वस्तीत तुझ्या बाजूने भांडायला लागेन. ते आता माझ्याने होणार नाही. एवढीच विनंती आहे. आई कधी दवाखान्याच्या वाटेवर तुला भेटली, तर वड्या छान झाल्या होत्या असे तिला सांगू नकोस. तिला सगळे ठाऊक आहे, तरी तुला बरे वाटावे म्हणून ती मान डोलावील. तिची ती मान मला बघवणार नाही.

बाबांना माझा नमस्कार सांग. सांगता येत नसेल तर राहू दे.

तुझा म्हणावे की नाही हे अजून ठरलेले नाही, म्हणून नुसता
बाबुराव