डावी बाजू यशोदेची

प्रभादेवी, रविवार

चि. देवदत्त यास मनमोहनचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा आता जिने चढतो, असं अनुजाने सांगितलं. (तुझी भाची बातम्या फार तत्परतेने पोचवते. आमच्याही पोचल्या असतील, म्हणून माझी बाजू मांडायला बसलो.) तुझी यशोदाताई आणि मी खुशाल आहोत. गाडी तेवढी गॅरेजमध्ये आहे.

तुला आठवत असेल, आमच्या पहिल्या गाडीला डावीकडे आरसाच नव्हता. तिथे तुझी ताई होती. ती ‘मोकळं आहे’ म्हणाली की मी वळायचो, ‘थांबा’ म्हणाली की थांबायचो. पुढच्या गाड्यांना दोन्हीकडे आरसे आले, पण घरचं माणूस शेजारी बसलेलं असताना आरशात डोकावून खातरजमा करणं मला कधी प्रशस्त वाटलं नाही. एकदाच डोकावलो, ठाण्याहून परतताना. नंतर ती एक अक्षर बोलली नाही आणि डावीकडे वळायची सोय न उरल्यामुळे मी उजवीकडे वळत वळत चेंबूरला पोचलो.

आता माझं कुतूहल असं, की गेल्या सहा महिन्यांत गाडीला जे झालं ते सगळं डावीकडेच का? शेजारच्या शांताबाईंची तुळशीची कुंडी, सोसायटीच्या फाटकाचा खांब, एका स्कूटरचं मडगार्ड. उजवी बाजू मात्र नवीकोरी! अनुजा म्हणते, बाबा, अठ्ठ्याहत्तरावं लागलं, किल्ली द्या. अरे, वयाचाच दोष असता तर दोन्हीकडे आपटायला नको का? मी वहीत आकृत्या काढल्या, टायरांची हवा तपासली. स्टिअरिंग ओढतं की काय म्हणून सकाळी सहाला वरळीच्या सरळ रस्त्यावर जाऊन पाहिलं, गाडी नाकासमोर जाते. रस्तेच डावीकडून अरुंद होत असावेत असं वाटून टेप घेऊन मोजायला गेलो. (दुकानदारांना वाटलं, रस्ता रुंद करणारे साहेब आले. दोघांनी चहा पाजला.) कारण अजून सापडलेलं नाही.

गेल्या रविवारी नेहमीप्रमाणे भाऊच्या धक्क्याला ताजा सरंगा मासा आणायला निघालो. रे रोडला लाकडाच्या वखारीपाशी ताई ‘मोकळं आहे’ म्हणाली, मी वळलो, आणि डावा आरसा एका हातगाडीला लागून निखळला. बस, एवढंच. हातगाडीच आडवीतिडवी उभी होती, ताईचंही तेच मत आहे. पण पुढच्या महिन्यात माझं लायसन संपतंय आणि नव्यासाठी डॉक्टरी दाखला लागतो. तू डॉक्टर, तोही डोळ्यांचा, शिवाय सख्खा मेहुणा. एकदा येऊन मला तपासून जा.

तुझा,
मनमोहन

ता. क. वरचं पत्र ताईला वाचून दाखवलंय. इथून पुढचं नाही. आरसा हातगाडीला नाही, हातगाडीवाल्याच्या कोपराला लागला. विकास नाव त्याचं. लाल बनियन घालून ताईच्या खिडकीपासून वीतभर अंतरावर उभा होता, आणि ती म्हणाली मोकळं आहे! त्याचं खरचटण्यावर निभावलं, पण देवदत्ता, मी फार घाबरलो. घरी येऊन तिच्या डाव्या हाताला उभं राहून एकेक वस्तू धरून पाहिली. सरंगा बरोबर ओळखला (वासावरून). झारा, छत्री आणि अनुजाचा फोटो, तिन्हींना ‘कळलं हो’ म्हणाली. वर्षभर ती आवाजावर आणि वासावर माझी गाडी वळवत होती. तिने अनुजापाशी कबूल केलंय, मोतीबिंदू आहे, ऑपरेशनची भीती वाटते, आणि कळलं तर मी गाडी चालवणं सोडेन म्हणून गप्प. तेव्हा तू आलास की तिच्यासमोर ठणकावून सांग, आधी ताईचे डोळे, मग भाऊजींचा दाखला. माझ्या लायसनसाठी ती ऑपरेशनला तयार होईल.

ता. ता. क. दाखला लिहू नकोस. गाडी गॅरेजमध्ये नाही, बुधवारी विकली. (माझीही मान आता पुरती वळत नाही. वहीत ते कारण पहिलंच लिहिलं होतं.) ताईला यातलं काही कळू देऊ नकोस, नाहीतर म्हणेल, गाडीच नाही तर डोळे कशाला? पट्टी निघाली की मीच सांगेन. चाळीस वर्षांत मी तिच्याशी पहिल्यांदाच खोटं बोललो, आणि त्या वेळी माझं तोंड तिला अगदी स्वच्छ दिसणार आहे.