सेल्फचा दोष नव्हता

बाबा, त्या बाळापूरच्या जीपचा सेल्फ चांगला होता. तुम्ही तो तीनदा खोललात आणि तिन्ही वेळा तो चांगलाच होता. तुमचा कामातला हात गेलेला नव्हता. हे मला आज सकाळी कळलं, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाल्यावर. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तरी दुकानातल्या बाकावर बसून लिहिते आहे, कारण हे आधी तुम्हालाच सांगायला हवं होतं.

दुकान आता मी चालवते, आणि झकास चालवते. अकोल्यात सेल्फचं काम निघालं की लोक माझं नाव सांगतात. पहिल्यांदा आलेला माणूस ‘मिस्त्री कुठे आहेत’ म्हणून विचारतो, आणि मी हातात पाना घेऊनच ‘बोला’ म्हणते. नव्या गाड्यांत इंजिन फिरवणारा सेल्फ कुठे दडवून ठेवतील याचा नेम नाही. बाकीचे मोबाइलवर चित्रं बघत बसतात. मी तुम्ही शिकवलं तेच करते. बॅटरीच्या प्लसची जाड केबल धरायची, हात तिच्या मागे मागे न्यायचा, ती जिथे संपते तिथे, गिअरबॉक्सच्या तोंडाशी, सेल्फ असतो. मग हेडलाइट लावून चावी फिरवायची. लाइट मेले तर बॅटरी किंवा तिचं टर्मिनल. लाइट झगझगीत आणि खालून नुसतं ‘टक’, तर सेल्फ. हे गणित मी शेकडो गाड्यांवर लावलं आहे. ते फसतं कुठे, ते आज पाहिलं.

बाळापूरच्या काकांची जीप थंड असताना एका चावीत लागायची आणि ऊन चढलं की टक. लाइट झगझगीत, म्हणून तुम्ही सेल्फ काढलात. टेबलावर बॅटरी जोडली की तो भिंगरीसारखा फिरतो. तरी तुम्ही त्याचे आतले कार्बन बदलता, बुश बदलता, परत बसवता. दोन दिवस गाडी चालते, मग काका धक्का मारत पुन्हा दारात. तिसऱ्या खेपेला ते चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाले, “मिस्त्री, आता तुमच्या हातात काई रायलं नाई. बल्ब बदला अन् सुखानं राहा.” तुम्ही त्यांच्यासाठी चहा सांगितलात. त्यानंतर मात्र तुम्ही सेल्फला हात लावला नाही. कुणी आलं की मला हाक मारायचात आणि स्वतः हॉर्न, बल्ब बघायचात. मला तुमचा भयंकर राग यायचा. एका जीपपायी इतकं मिटून जायचं असतं का, असं मनात यायचं, आणि तोंडावर बोलायची हिंमत नव्हती. काकांनी जीप विकली, पण त्यांचं बोलणं बाळापूरभर फिरलं आणि चार वर्षांनी तुम्ही गेलात, ते ओझं मनावर घेऊनच.

आज सकाळी वरूडचे एक संत्रेवाले आले, इथे लेकीकडे आले होते. त्यांच्या जीपचा सेल्फ दोन ठिकाणी बदलून झालेला. थंड असताना लागते, तापली की टक करते, हे सांगून झाल्यावर सहज म्हणाले, “ताई, अन् एक्सिलेटरची वायर बी तापून राहिली.” माझा हात थांबला. करंटला इंजिनातून बॅटरीकडे परत जायला धड वाट नसली की तो मिळेल त्या तारेतून जातो. मी जंपरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडाला, आणि चावी फिरवली. इंजिन लगेच लागलं. मग अर्थिंगची, म्हणजे इंजिन बॉडीला जोडणारी, पट्टी खोलली. पट्टी धडधाकट, बोल्ट घट्ट, आणि खाली सिल्व्हर रंगाचा जाड थर. रंगातून करंट जात नाही; थंड असताना बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जातो, तापलं की तोही अडतो. दसऱ्याच्या पूजेला गाडी चमकावी म्हणून इंजिन रंगवलं होतं. हेडलाइटचं अर्थिंग थेट बॉडीतून जातं, म्हणून ते आपले झगझगीतच राहतात.

पॉलिश पेपरने रंग घासता घासता मला तो दसरा आठवला. त्या सगळ्या तक्रारींच्या आधी बाळापूरच्या जीपचं इंजिन दुसऱ्या मिस्त्रीकडून काम होऊन आलं होतं, दसरा दुसऱ्या दिवसावर, आणि तुम्ही मला अर्थची पट्टी लावायला सांगितली होती. मी आधी इंजिनला सिल्व्हर मारला, वाळू दिला, आणि पट्टी त्याच्यावर कसली. तुम्ही कौतुकाने म्हणालात, “पोरी, गाडी नवरीवानी चमकून राहिली.”

दुपारी शटर ओढलं आणि स्कूटरने बाळापूरला गेले. काका आता ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू मात्र नीट येतं. कागदावर आकृती काढून त्यांना सगळं समजावलं. चार लोकांत बोललेलं ते वाक्य मला त्यांच्याकडून परत हवं होतं, आणि ते मिळाल्याशिवाय मी उठणार नव्हते. त्यांनी आकृतीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “म्हंजे मिस्त्रीचा हात गेला नव्हता. मी उगाच बोललो त्याले.” त्यांनी डोळे पुसले. उद्या अकोल्याला येतो, तुझ्या दुकानात बसून चार लोकांसमोर हेच सांगतो, असं आपण होऊन म्हणाले. मला रडू आवरेना, इतका आनंद झाला.

मी निघायला उठले तेव्हा त्यांनी विचारलं, “पण तो रंग कोनं मारला होता व पोरी?”

मी सांगितलं, इंजिनचं काम करणाऱ्या मिस्त्रीने. काका म्हणाले, “मंग मी बोललो ते त्याले बोलाले पाह्यजे होतं.” आणि बाबा, मी हो म्हणाले.