उजव्या वळणाचा जिना

९ जून, सोमवार. सकाळी ६.
चांदवडच्या शाळेतला तो आवाज आज पुन्हा कानात. पन्नास पोरं एका सुरात कविता म्हणतायत आणि टेबलावर माझी छडी, टक्-टक्. इथे इंदिरानगरात फक्त मिक्सर ओरडतात. शी!
नात अंजली मैत्रिणीच्या लग्नाला धुळ्याला गेली. लॅपटॉप चालूच. तिच्या पीएचडीच्या स्फटिकात अणू म्हणे गोल जिन्यासारखे रचलेत. जिना उजवीकडे वळतो की डावीकडे, एवढंच ठरायचंय. म्हणाली, "आल्यावर दोन्ही तपासते. शुक्रवारी सरांना द्यायचंय, नाहीतर मासिकातला पेपर गेला. आजोबा, हात लावू नका हं!"
नाही लावणार.

१० जून.
फक्त धूळ पुसली. स्क्रीन उजळली. सॉफ्टवेअर विचारतं: पी-थ्री-वन की पी-थ्री-टू? एक उजवा जिना, एक डावा. आरशातली जुळी भावंडं. कुठलंही चालेल म्हणे, तुम्हीच निवडा. काय हा निर्लज्जपणा! यंत्राला स्वतःचं मत नको?
उजवा निवडला. जेवण, अक्षर, छडी, सगळं उजव्या हातानं. सातवीतला केरू डावखुरा होता. वर्षभर डाव्या हातावर छड्या देऊन सरळ केला. आज दुवा देत असेल.

११ जून. दुपारी.
निकाल लागला! दिशा तपासणारा आकडा ०.९८. एकपैकी शून्य पूर्णांक अठ्ठ्याण्णव! अंजलीला जन्मात एवढे मार्क पडले नव्हते. तिच्याच मेलवरून सरांना कळवून टाकलं. खाली चार ओळी स्वरचित, आणि माझं पूर्ण नाव. माजी शिक्षक, चांदवड.

१२ जून.
अंजली आली. किंचाळलीच. "आजोबा, शून्य म्हणजे बरोबर! एक म्हणजे आख्खा जिना उलटा! सर म्हणतील, हिला एवढंही कळत नाही." सर फोन उचलत नाहीत. पोरगी रडून झोपली.
शून्याला पहिला नंबर देणारं शास्त्र! किळस आली. निषेध म्हणून जेवलो नाही. दोन पोळ्या सोडून.
संकल्प: उद्या त्या सरांना गाठून चांगली समज द्यायची.

१३ जून, शुक्रवार. सकाळी ९.
समज देण्यासाठी शर्टाला इस्त्री करत होतो, तोच बेल. दारात पन्नाशीचा टकला गृहस्थ, हातात माझ्या मेलची प्रिंट. पायाच पडला.
"गुरुजी, ओळखलंत का? मी केरू. सातवी ब. अंजलीचा गाईड मीच. तुमच्या चार ओळी वाचल्या अन् हसू आलं. मेल पुढं धाडला नाही, मासिकाकडून सोमवारपर्यंत मुदत घेतलीय. पण जिना डावा आहे, गुरुजी."
दारातच, भिंतीला कागद टेकवून त्यानं दुरुस्ती लिहिली. उजव्या हातानं. चाळीस वर्षं झाली, अक्षर अजून कुत्र्याचे पाय मांजराला.
डाव्या हातानं लिही की रे, असं म्हणायचं होतं. "बस, चहा टाकतो," म्हणालो.
स्वयंपाकघरात उभ्यानं हे लिहितोय. चहा मला येत नाही.