काळ्या चिखलातले लाल दोरे

ता. ४ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र सकाळीच आलं होतं. आपल्या घरच्या रिवाजाप्रमाणे दिवसभर घड्याळामागे बंद ठेवलं आणि संध्याकाळी सगळ्यांना समोर बसवून मी मोठ्याने वाचलं. पाकिटावर दर वेळी ठळक अक्षरांत 'लगेच वाच' लिहितेस आणि आत निघतात किड्यांच्या मिशा! ही हसून हसून बेजार झाली. छकुली आता तुला किडेआत्या म्हणते. मी शिकवलेलं नाही, शप्पथ.

इकडची बातमी अशी, की आमची जुनी गोदी, जिचं दार कित्येक वर्षांत उघडलं नव्हतं, ती आता उपसायची आहे. मुकादमी माझ्या गळ्यात पडली. आधी पंपाने पाणी काढायचं, मग दाराखालचं भुयार साफ करायचं. जाईन तिथला चिखल तुला पाठवायची माझी लहानपणापासूनची खोड, म्हणून गोदीच्या मधला चिखल जॅमच्या बाटलीत भरून धाडतोय. आत लाल दोरे वळवळताना दिसतील. हे काय प्रकरण आहे, सांग. झाकण उघडताना नाक धर बरं!

माझ्यावर लोभ आहेच, बाटलीपायी तो आणखी वाढू दे.

तुझा,
धाकटा

ता. ७ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

बाटली पोचली. झाकण उघडलं मात्र, आमचा स्वयंपाकी खिडक्या उघडत सुटला. मी मेली जेवायचंही विसरले.

तुझे दोरे म्हणजे समुद्रातले केसाळ किडे. आहेत शिवायच्या दोऱ्याएवढे बारीक, बोटाच्या दोन पेरांहून लांब नाहीत. डोकं टोकदार, त्यावर ना मिशा ना हातपाय. (घे, या वेळी मिशा नाहीत!) अंगभर कडी असतात. पुढच्या कड्यांवर बारीक केस आणि मागच्यांवर इवलेसे आकडे. या आकड्यांनी तो आपल्या चिकट नळीत घट्ट धरून राहतो. तोंडातून पिशवी बाहेर काढायची, चिखल गिळायचा, पिशवी आत घ्यायची, एवढाच संसार. मादी अंडीसुद्धा त्याच नळीत सांभाळते. बिचारीचं मला फार कौतुक वाटलं.

मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. एवढ्या चिखलात एक शिंपला नाही, गोगलगाय नाही, खेकड्याचं पिल्लू नाही. दुसरं काही जगत नाही तिथे हा किडा सुखाने नांदतो. त्याचं रक्त लाल असतं, त्यामुळे नसल्यासारख्या हवेवरही तो भागवतो. म्हणजे तुझ्या गोदीच्या तळाशी हवा नाही रे. भुयाराच्या तोंडापाशी काय सापडतं ते कळव, आणि उगाच खाली उतरू नकोस.

सौ.ला आशीर्वाद, छकुलीचा गालगुच्चा. आठवण ठेवतोस, तशीच काळजीही घे.

तुझी,
ताई

ता. १२ मार्च

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या किड्याचं चरित्र वाचून दाखवलं. छकुलीने जेवताना तोंडातून घास बाहेर काढून आत घेतला आणि आईचा धपाटा खाल्ला. याचं पाप तुझ्या माथी.

तू विचारलंस म्हणून भुयाराच्या तोंडाशी बादली सोडली. तिथे तुझे किडेही नाहीत. नुसता डांबरासारखा काळा चिखल, वर पांढरी साय. सडक्या अंड्यांचा असा वास सुटलाय, की काठावर उभं राहिलं तरी डोळे चुरचुरतात. काल दोघा गड्यांचं डोकं धरलं. माझी चांदीची अंगठी काळी ठिक्कर पडली, त्यावरून हिने अर्धा तास माझी हजेरी घेतली.

साहेबांना घाई आहे. १५ तारखेला भुयारात फावडी घेऊन उतरायचं आहे. मुकादम काठावर उभा राहून हुकूम सोडतो असं कोणी म्हणायला नको, तेव्हा पहिला मीच उतरणार. वासाचं काय, सवय होईल.

रागावू नकोस. आणि रागावलीस, तरी पत्र लांबलचक लिही.

तुझा,
धाकटा

ता. १४ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद वगैरे मागाहून. तुझं पत्र आत्ता हातात पडलं. भुयारात उतरायचं नाही. तू नाही, तुझे गडी नाहीत, कोणी म्हणजे कोणी नाही.

जिथे तो किडासुद्धा जगला नाही, तिथे माणसाने जायचं कसं? त्या चिखलात विषारी वायू कोंडलेला आहे. तुझी अंगठी त्यानेच काळी केली. पहिलं फावडं मारलंस की तो मोकळा होईल, आणि दोन श्वासांत माणूस आडवा होतो. वाचवायला मागून उतरतो तोही.

नीट वाच. तो वायू फार झाला की आधी नाक मारतो. वास यायचा थांबला, तर हवा शुद्ध झाली असं समजू नकोस. वास गेला की पळायचं, सगळ्यांना घेऊन. साहेबांना माझं नाव सांग, हवं तर मी वेडी आहे म्हणून सांग.

वादळात पडलेला फोनचा खांब या बेटावर अजून आडवाच आहे, नाहीतर तुझा कान पिळला असता. होडीवाल्याच्या हातापाया पडून हे पत्र वेगळं धाडते आहे. मला फार भीती वाटते रे. आई गेल्यापासून मला तुझ्याशिवाय कोण आहे?

ताई

ता. १५ मार्च

ती. वन्संस,
शि. सा. न. वि. वि.

होडीवाला परत निघालाय, त्याला दारात थांबवून चार ओळी लिहिते. तुमचं पत्र आत्ताच मिळालं. हे भल्या सकाळीच गोदीवर गेले, त्यामुळे चुकामूक झाली. पाकिटावर नेहमीसारखं 'लगेच वाच' पाहून मला हसूच आलं. छकुली फोडायलाच निघाली होती. तिला दटावलं, की आत्याचं पत्र बाबांशिवाय उघडायचं नसतं. घड्याळामागे ठेवलंय, संध्याकाळी हे आले की सगळे मिळून वाचू. या वेळी कोणता किडा आहे, याची आम्हा दोघींना फार उत्सुकता आहे.

तुम्ही यांची काळजी करता, म्हणून मुद्दाम कळवते. काल संध्याकाळी हे भुयाराच्या तोंडाशी वाकून अंदाज घेऊन आले. डोकं जरा जड होतं, पण अगदी खुशीत होते. म्हणाले, आधी नाक फुटेल असं वाटलं, आणि मग बघता बघता वास पार नाहीसा झाला. आता कसली भीती नाही. माझाही जीव भांड्यात पडला.

तिकडे गोदीचा भोंगा वाजतोय. आज जेवणाची सुट्टी लवकर झाली वाटतं. हे यायच्या आत पोळ्या उरकते. आमच्यावर आहे तशीच माया असू द्या.

तुमची,
भावजय