बांध आपसूक सरकतो

३ जून
आजपासून रोजनिशी. निसर्गासाठी झटणाऱ्याने नोंदी ठेवायलाच हव्यात. सरकारची नवी स्कीम आली आहे. बांधालगतची पट्टी नांगरायची नाही, गवत-झुडपं वाढू द्यायची, पक्ष्यांना अंडी घालू द्यायची आणि दरवर्षी अनुदान घ्यायचं. काही न करण्याचे पैसे! ही म्हणाली, मग तुम्ही केव्हाच श्रीमंत व्हायला हवं होतं. दुर्लक्ष केलं.

४ जून
जागा ठरली. धाकट्या भावाच्या शेताला लागून आहे ती पट्टी. याच बांधावरून आमचं बोलणं बंद आहे. त्याचं म्हणणं, मी दरवर्षी बांध कोरतो. साफ खोटं. नांगर सरळ काढताना बांध आपसूक सरकतो, त्याला मी काय करणार?

२० जून
झुडपं लावली. कंबर धरली. पेंटरकडून बोर्ड करून घेतला. वर 'निसर्ग संवर्धन क्षेत्र', खाली माझं नाव, जरा मोठ्या अक्षरात. पक्ष्यांना वाचता येतं का, असं हिने विचारलं.

११ जुलै, सकाळी
धाकट्याची शेळी माझ्या पट्टीत! झुडपांचे शेंडे फस्त. ओरडलो तर भावजय म्हणे, शेळीला वाटलं आपलंच शेत आहे. शेळीला काय कळतं!

११ जुलै, दुपारी
ऑफिसात लेखी तक्रार दिली. विषय: अतिक्रमण. शब्द कसा भारदस्त आहे. अधिकारीबाई म्हणाल्या, आधी हद्दीची मोजणी होईल, मगच अनुदान. म्हटलं, खुशाल करा. कर नाही त्याला डर कशाला? हिचं मात्र एकच पालुपद, तक्रार मागे घ्या, सख्खा भाऊ आहे तो. हिला प्रिन्सिपल कळत नाही.

२ ऑगस्ट
मोजणीदार मशीन घेऊन आला. धाकट्याच्या शेतातून निघाला, झुडपं ओलांडली, बोर्ड ओलांडला आणि माझ्या शेतात येऊन खुंटी ठोकली. मी म्हटलं, मशीन बिघडलंय, परत मोजा. परत मोजलं. खुंटी आणखी वीतभर माझ्याकडे आली. तिसऱ्यांदा मोजू का, म्हणाला. नको म्हटलं.

५ ऑगस्ट
निर्णय आला. पट्टी धाकट्याची, अनुदानही धाकट्याला. चोर सोडून संन्याशाला फाशी! घाम माझा, झुडपं माझी, बोर्डाचा खर्च माझा. संतापाने जेवणार नव्हतो. हिने आग्रहच केला नाही, म्हणून जेवलो.

९ ऑगस्ट
धाकटा घरी आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. भांडायच्या तयारीत बसलो होतो. तर म्हणतो, दादा, झुडपं तू जगवलीस, निम्मे पैसे तुझे. मला अनुदान चाललं असतं, दया नको. तसं सुनावलं. तो चहा न घेताच गेला. मग ही स्वयंपाकघरात रडत बसली. फार वाईट वाटलं. चूक त्याचीच आहे हे तिला काही पटवता आलं नाही.

१० ऑगस्ट
पावसाने ओढ दिली म्हणून झुडपांना पाणी घालायला गेलो. झुडपांचा काय दोष? पैशाचा संबंध नाही. धाकटा तिथेच होता. म्हणाला, दादा, जपून, पुढे गवतात तितराची अंडी आहेत. जागच्या जागी थांबलो. गवत इतकं माजलंय की खुंट्याही दिसेनात. माझं शेत कुठून सुरू होतं, ते शेवटी त्यालाच विचारावं लागलं.